ससा आजारी पडला की: जागरण, दवाखाना आणि खर्च कसा पेलावा

आमच्या पाळलेल्या सशाने, ठकीने, कोथिंबिरीकडे पाठ फिरवली तेव्हा रविवारची रात्र होती, साडेदहा वाजले होते. एरवी जुडीचा दोरा सोडायच्या आत ती पायांत घुटमळायची. त्या रात्री कोपऱ्यात अंग आखडून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, आणि कान जवळ नेला तर दात करकर वाजत होते. आम्ही म्हटलं, सकाळी बघू. सकाळपर्यंत तिचं अंग गार पडलं होतं. ती वाचली, पण पुढच्या चार दिवसांत ११,२५० रुपये गेले, नवऱ्याशी दोनदा कडाक्याचं भांडण झालं, आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

ही २०२१ सालची गोष्ट. त्यानंतर ठकी साडेतीन वर्षं जगली, दाढांचं दुखणं सोबत घेऊन. तिचा जोडीदार बुक्का, काळाकुळकुळीत, अजून आमच्याकडे आहे. त्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली. आजार कुठलाही असो, माणूस कोलमडतो ते सगळे निर्णय रात्री अकराला, घाबरलेल्या डोक्याने घ्यावे लागतात म्हणून. कुठल्या डॉक्टरकडे जायचं, किती पैसे घालायचे, कोणी जागायचं आणि कुठे थांबायचं, या चारही प्रश्नांची उत्तरं ससा धडधाकट असताना शोधून ठेवता येतात. ती कशी शोधायची ते सांगते.

आधी हे समजून घ्या: वेळ कमी का असतो

ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखलं-खुपलं तर तो ते लपवतो, कारण रानात अशक्त दिसणारा आधी मारला जातो. त्यामुळे आपल्याला काही दिसतं तेव्हा दुखणं आधीच पुढे गेलेलं असतं.

दुसरं म्हणजे त्याचं पोट. सशाच्या आतड्यात चारा सतत पुढे सरकत राहावा लागतो. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, आत वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. हे चक्र फार वेगाने फिरतं. ससा उलटी करू शकत नाही, म्हणजे आत अडकलेलं वरून बाहेर पडायची सोयच नाही. म्हणून कुत्र्यासारखं ‘एक दिवस उपाशी राहू दे, बरा होईल’ हे सशाला लागू नाही. बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती तातडीची वेळ समजा. मी तर आता सहा तासांनाच फोन करते.

आणखी एक लक्षात ठेवा: ‘खात नाही’ हे लक्षण आहे, रोगाचं नाव नाही. मागे दाढ टोचत असेल, मूतखडा असेल, मादीच्या गर्भाशयात गाठ असेल, घरात फटाक्यांनी घाबरला असेल, उन्हाने लागलं असेल. पोट सुरू झालं म्हणून उपचार संपला असं मानलं तर तीन आठवड्यांनी तोच दवाखाना, तोच खर्च.

पहिली दहा मिनिटं

घाबरलं की हात काहीतरी करायला धावतात. त्या हातांना हे काम द्या.

घड्याळ बघा आणि वहीत वेळ लिहा. शेवटचं कधी खाल्लं, शेवटच्या लेंड्या कधी दिसल्या, त्या नेहमीएवढ्या होत्या की बारीक, केसांनी माळेसारख्या जोडलेल्या होत्या का. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

आवडीची वस्तू नाकासमोर धरा. आमच्याकडे कोथिंबीर किंवा केळ्याचा नखाएवढा तुकडा. जवळ येऊन वास घेतो आणि तोंड फिरवतो, असं झालं तर बहुधा खायची इच्छा आहे पण तोंड दुखतंय. ठकीचं नेहमी असंच व्हायचं. डोकंच वर करत नसेल तर दुखणं पोटात किंवा सगळ्या अंगात आहे असं धरून चला.

पोटाला हलका हात लावा. मऊ, कणकेसारखं लागलं तर थोडा वेळ आहे. ढोलकीसारखं ताणलेलं, कडक असेल तर मिनिटाचाही उशीर करू नका. अशा पोटात अन्न भरवायचं नाही, ते चोळायचंही नाही. आत अडथळा असू शकतो.

कान आणि पाय हातात धरून पाहा. सशाचं नेहमीचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. निरोगी ससा हाताला उबदार लागायलाच हवा. अंग गार असेल, थर्मामीटर ३८ च्या खाली दाखवत असेल तर ते तापापेक्षाही वाईट चिन्ह आहे. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी सोडा, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला सरकता येईल. गुदद्वारातून तापमान कसं घ्यायचं हे मात्र आधी डॉक्टरांकडून शिकून घ्या. ससा झटका देतो आणि आतली त्वचा फार नाजूक असते.

उन्हाळ्यात उलट घडतं. तोंड उघडं टाकून धापा टाकणारा, कान लालभडक झालेला ससा म्हणजे उष्माघात. कानांना पाण्याचा हात लावा, पंखा सुरू करा, पण बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. आणि निघा.

शेवटी चेहऱ्याचा फोटो काढा. २०१२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी तयार केली. तीत पाच गोष्टी बघतात: डोळे आवळले आहेत का, गाल आत ओढल्यासारखे चपटे झालेत का, नाकपुड्यांचा गोलावा जाऊन टोकदार आकार आलाय का, मिशा ताठ झाल्यात का, कान आवळून मागे गेलेत का. ससा बरा असतानाचा त्याच कोनातला फोटो मोबाइलमध्ये ठेवा. शेजारी शेजारी ठेवून बघितलं की फरक आपल्यालाही कळतो.

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका

हा भाग मी मुद्दाम वेगळा काढते, कारण इथली चूक पैशाने दुरुस्त होत नाही. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनच्या जातीतली इतर औषधं, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन यांपैकी काहीही सशाला तोंडातून दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू वाढतात आणि त्यात ससा दगावू शकतो. हीच औषधं कुत्र्याला रोज दिली जातात, म्हणून सशांची सवय नसलेला डॉक्टर ती लिहून देऊ शकतो. पिसवा-गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकतात त्यातलं फिप्रोनिल सशाला विषारी आहे. खरजेसाठी आयव्हरमेक्टिनसारखी चालणारी औषधं असतात, पण ती वजनावर मोजून डॉक्टरांनीच द्यायची. वेदनाशामकाचंही तसंच. मेलोक्सिकॅम सशांना देतात, पण त्याचं प्रमाण मांजराच्या हिशेबाने ठरवता येत नाही.

डॉक्टर आज शोधा

तुमचा ससा हे वाचताना खात-पीत असेल तर आजच तीन फोन करा. बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे असतात, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त आपल्याला आधी माहीत हवं. मी दोन प्रश्न विचारते. पहिला: ‘महिन्याला साधारण किती ससे येतात तुमच्याकडे?’ दुसरा: ‘भूल द्यायच्या आधी सशाला किती तास उपाशी ठेवू?’ सशांची माहिती असणारा डॉक्टर लगेच सांगेल की रात्रभर अजिबात उपाशी ठेवू नका, चारा सोबत घेऊन या. ‘आदल्या रात्रीपासून काही देऊ नका’ असं उत्तर आलं तर नम्रपणे आभार माना आणि पुढचा नंबर फिरवा. एका दवाखान्यात मला असंच उत्तर मिळालं होतं. डॉक्टर माणूस म्हणून फार चांगले होते. तरीही मी ठकीला तिथे नेलं नाही.

सरकारी आणि धर्मादाय दवाखान्यांचे पत्तेही त्याच पानावर लिहा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून आहे, आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. महाविद्यालयाच्या दवाखान्यात फी कमी असते आणि शिकवणारे तज्ज्ञ एका छताखाली मिळतात. त्याबदल्यात रांग असते, ठरावीक वेळ असते, आणि विद्यार्थी आपल्या सशाला आळीपाळीने हाताळतात. घाबरट सशाला ते जड जातं. म्हणून तातडीच्या रात्री खासगी दवाखाना आणि जुनाट दुखण्याच्या तपासण्यांसाठी महाविद्यालय, अशी वाटणी आम्ही केली होती. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा आहे. ती मुख्यतः गुराढोरांसाठी असते, पण तालुक्याच्या गावी राहत असाल तर जवळचा पशुवैद्य कोण हे विचारायला नंबर जवळ असू द्या.

पैशाचं बोलणं

सशावर खर्च करणाऱ्याला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: ‘तीनशेचा ससा, आणि हजारोंचा दवाखाना?’ ठकी खरोखर तीनशे रुपयांना आणली होती, बाजारातल्या पिंजऱ्यातून. पण किंमत आणणाऱ्याने ठरवलेली असते, आजाराला ती माहीत नसते. एक्स-रेचं यंत्र, भुलीचं औषध, डॉक्टरचा तास यांचा खर्च ससा असो की कुत्रा, जवळपास तेवढाच. हे घरातल्यांना शांत वेळी, आकड्यांसकट सांगून ठेवा. रात्री अकराला सांगायला गेलात तर भांडणच होतं, अनुभवाने सांगते.

आमच्या वहीतला पहिल्या आजाराचा हिशेब असा: तपासणी ६००, दोन बाजूंनी एक्स-रे १,४००, रक्ततपासणी १,८००, भूल देऊन वाढलेल्या दाढा घासणं ४,५००, चार दिवसांची सलाइन-इंजेक्शनं २,०००, औषधं आणि भरवायचं पीठ ९५०. हे पुण्यातले २०२१ चे दर. तुमच्या गावात वेगळे असतील, पण कुठल्या रकान्यात काय जातं याचा अंदाज येईल.

नुसत्या ‘काय करायचं ते करा डॉक्टर’ने खर्च वाढतो आणि ‘कमीत कमीत करा’ने ससा जातो. मधला रस्ता प्रश्नांचा. मी आता सरळ म्हणते, ‘मॅडम, आज आमच्याकडे पाच हजार आहेत. त्यात सगळ्यात आधी काय करायला हवं?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट त्या क्रम लावून देतात: आधी वेदना कमी करणं, शरीरात पाणी भरणं, ऊब, मग तपासण्या. वेदनाशामक आणि सलाइन यांवर कधीही काटकसर करू नका. सशाच्या दुखण्यात अर्धी लढाई तिथेच असते.

एक स्वस्त तपासणी महागड्या निर्णयाला मदत करते, ती विचारून घ्या. माणसाच्या मधुमेहासाठी वापरतात तशा ग्लुकोमीटरवर सशाच्या रक्तातली साखर बघता येते. ती फार चढलेली, ३६० मिलिग्रॅमच्या पुढे असेल तर आतड्यात अडथळ्याचा संशय बळावतो. थोडीशीच वाढलेली असेल तर नुसतं मंदावलेलं पोट असण्याची शक्यता जास्त. शस्त्रक्रियेची तयारी करायची की घरी नेऊन भरवायचं, हे ठरवताना डॉक्टरांना याचा आधार होतो.

जुनाट दुखण्याचं गणित वेगळं. ठकीच्या दाढा साधारण दहा आठवड्यांनी घासाव्या लागत. वर्षाला पाच वेळा, दर वेळी साडेचार हजार, म्हणजे २२,५००. एकदम ऐकलं की छाती दडपते. महिन्याला भागलं तर १,८७५. आम्ही बँकेत महिना २,५०० चं आवर्ती खातं उघडलं, त्याला घरात ‘ठकीचं खातं’च म्हणत. मुदत संपेपर्यंत लागलेले पैसे पगारातून दिले, पण पुढच्या वर्षापासून गादी तयार झाली. विम्याचं मी विचारून पाहिलं. मला मिळालेल्या योजना कुत्र्या-मांजरांपुरत्याच होत्या, त्यामुळे सशापुरता आपला विमा आपणच काढायचा असं धरलं.

पुढचे दात वाकडे वाढणाऱ्या सशांच्या बाबतीत आणखी एक हिशेब करा. हे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात, म्हणून दर काही आठवड्यांनी कापावे लागतात. नेलकटरने कापणारे लोक मी पाहिलेत. दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. त्याऐवजी सहाही पटाशीचे दात भूल देऊन कायमचे काढण्याचा पर्याय असतो. एकदाच मोठा खर्च, पण नंतर ससा भाजी बारीक चिरून दिली की ओठांनी उचलून दाढांनी चावतो. दीड-दोन वर्षांत खर्च भरून निघतो आणि सशाचा दर महिन्याचा जाच वाचतो. डॉक्टरांना नक्की विचारा.

काटकसर करायची तर ती आजाराच्या आधी. अमर्याद सुकं गवत हा सगळ्यात मोठा बचावाचा खर्च. आहाराचा ऐंशी टक्के भाग तोच हवा. परदेशी टिमोथी गवत परवडत नसेल तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून, औषध न फवारलेलं, बुरशी नसलेलं वाळलेलं गवत आणि ओटचा सुका चारा घ्या. दूर्वा तर सशाला फार आवडतात. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको. त्यात कॅल्शियम जास्त असतं आणि सशाचं जादा कॅल्शियम लघवीवाटे जातं, तिथे गाळ आणि खडे होतात. मादीचं गर्भाशय वेळेत काढून घ्या. न काढलेल्या माद्यांत वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका झपाट्याने वाढतो, आणि त्या शस्त्रक्रियेचा खर्च कर्करोगाच्या उपचारापुढे काहीच नाही. पावसाळ्यात रोज शेपटीखाली बघा. ओली घाण राहिली की माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या मांसात शिरतात.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक टोपली, एवढ्यावर दर रविवारी वजन घ्या. दहा टक्के वजन घटलं तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी डॉक्टरांकडे जा. ठकीचे पुढचे सगळे दाढांचे त्रास आम्ही असेच आधी पकडले, आणि त्यानंतर एकदाही रात्रीची धावपळ करावी लागली नाही.

भरवणं

डॉक्टरांनी अडथळा नाही असं सांगितल्यावरच हे सुरू करायचं.

प्रमाणाचा ढोबळ हिशेब: दर किलो वजनामागे दिवसाला ५० मिलिलिटर पातळ अन्न. ठकी १.६ किलोची होती, म्हणजे ८० मिलिलिटर, पाच वेळा १६-१६. पहिल्या दिवशी निम्म्यानेच सुरू केलं. सशासाठी तयार पीठ मिळतं ते उत्तम. ते येईपर्यंत त्याचेच रोजचे पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, चाळणीतून घासून, पिठल्याइतकं पातळ करून चालतं. सेरेलॅक, दूध, साखरेचं पाणी यांपैकी काही नको.

मी जमिनीवर मांडी घालून बसायचे. टॉवेल अंगाखालून घेऊन दोन्ही बाजूंनी मानेशी गुंडाळायचा, पुढचे पाय आत. ससा चार पायांवर बसलेलाच हवा, पाठीवर कधीही उताणा करायचा नाही, अन्न फुफ्फुसात जातं. एक मिलिलिटरच्या सिरिंजचं टोक ब्लेडने कापून कड घासून घ्यायची, म्हणजे चोथा अडकत नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये गालाच्या बाजूला मोकळी जागा असते. तिथून सिरिंज आत, जिभेच्या दिशेने, आणि अर्धा मिलिलिटर सोडून थांबायचं. चावल्याची हालचाल दिसली, गिळलेलं दिसलं की पुढचा अर्धा. सोळा मिलिलिटरला पंचवीस मिनिटं लागतात. घाई करायची नाही. नंतर ओल्या फडक्याने हनुवटी पुसायची. चिकटलेलं पीठ वाळलं की केस गळतात आणि खाली कातडी सोलते.

बुक्का या सगळ्या वेळेत टॉवेलाला टेकून बसायचा. जोडीतला दुसरा ससा निरोगी असेल आणि आजार संसर्गाचा नसेल तर दोघांना वेगळं करू नका, दवाखान्यातही शक्यतो सोबत न्या. वेगळे केले की परत जुळवताना भांडतात, आणि एकट्याने आजारी ससा खायला अधिकच नको म्हणतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला मला फरशीवर एक लेंडी सापडली. मुगाच्या दाण्याएवढी, काळी, कडक. मी ती कागदावर ठेवून नवऱ्याला उठवलं आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. सकाळी फोनवर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ‘आली ना एक? आता येतील.’ दुपारपर्यंत अकरा आल्या.

तुमची झोप, तुमचं डोकं

अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या मेरी बेथ स्पित्झनागेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली आजारी पाळीव प्राणी सांभाळणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी प्राणी असलेल्यांपेक्षा या लोकांवर ताण जास्त, चिंता आणि नैराश्याची लक्षणं जास्त, असं त्यात दिसलं. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांवर जो भार येतो, त्याच जातीचा हा भार आहे. मला हे वाचून फार हलकं वाटलं. ‘एवढ्याशा सशापायी मी अशी का झालेय’ हा प्रश्न त्या दिवशी सुटला.

भरवण्याच्या वेळा ठरवताना आधी स्वतःच्या झोपेचे सलग साडेपाच-सहा तास आखून घ्या आणि मग बाकीच्या वेळा बसवा. डॉक्टरांना विचारा की रात्रीची एक खेप चुकली तर चालेल का. पहिले एक-दोन दिवस सोडले तर बहुतेकदा चालते. आमचं वेळापत्रक सकाळी सहा, दहा, दोन, सहा आणि रात्री साडेदहा असं बसलं. ते फ्रिजवर लावलं, देणाऱ्याने वेळ आणि मिलिलिटर लिहून सही करायची. या सहीमुळे ‘तू दिलंस का, मला वाटलं तू दिलंस’ हा वाद संपला.

दुपारी दोनची खेप कोण देणार हा प्रश्न होता. सासूबाई त्याआधी एकदा मला म्हणाल्या होत्या, ‘अगं, जीव आहे तो, मान्य. पण घरातल्या माणसांनाही जीव आहे की.’ तेव्हा मला ते लागलं होतं. नंतर विचार केला, त्या खरं तेच सांगत होत्या, मी चार दिवस जेवले नव्हते. मी त्यांना म्हटलं, ‘आई, दुपारची एक वेळ तुम्ही घ्याल का? मी शिकवते.’ त्यांनी दोन बाळंतपणं आणि आजेसासूबाईंचं अंथरूण काढलेलं. हात माझ्याहून हलका. पुढची साडेतीन वर्षं ठकीची दुपार त्यांचीच होती. म्हणून सांगते, विरोध करणाऱ्या माणसाला कधी कधी एक ठरावीक, छोटं काम मागून बघा.

नोकरीच्या ठिकाणी पूर्ण गोष्ट सांगायची गरज नाही. ‘घरात आजारपण आहे, दोन दिवस अर्धा वेळ घेते’ एवढं पुरतं आणि ते खोटंही नाही. झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला फोन करा: १४४१६, सरकारी आणि मोफत, मराठीत बोलता येतं. सशाचं कारण सांगायला संकोच करू नका.

कुठवर

हा प्रश्न चांगल्या दिवशी, चहा पिताना बोलून घ्या. आम्ही वहीत तीन ओळी लिहिल्या होत्या: एका आजाराला जास्तीत जास्त पंचवीस हजार. कर्ज काढायचं नाही. ती स्वतःहून खात नाही आणि अंग स्वच्छ ठेवू शकत नाही असे सलग सात दिवस गेले, तर डॉक्टरांशी शेवटचं बोलायचं. त्या ओळी आमच्या परिस्थितीच्या होत्या, तुमच्या तुम्ही लिहा. रक्कम लिहायला लाज वाटते, मलाही वाटली. पण न लिहिलेली मर्यादाही असतेच, ती फक्त बिलाच्या खिडकीपाशी कळते.

अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी आजारी प्राण्याच्या जगण्याचा दर्जा मोजायची पद्धत दिली आहे. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर बेरीज असेल तर सांभाळत राहणं योग्य मानतात. आम्ही घरातल्या तिघांनी दर रविवारी वेगवेगळे गुण दिले, एकमेकांचे न बघता. माझे नेहमी जास्त असत. सासूबाईंचे सगळ्यात खरे असत.

पैसे खरोखरच संपले असतील तर तसं डॉक्टरांना सांगा. हप्ते, स्वस्त पर्यायी औषध, फक्त वेदना कमी ठेवणारे उपचार, किंवा वेदनारहित मरण, हे सगळे प्रामाणिक पर्याय आहेत. टेकडीवर किंवा बागेत सोडून देणं हा पर्याय नाही. आपल्या डोंगरांतला रानससा ही वेगळी जात आहे. पिंजऱ्यात वाढलेला ससा तिथे कुत्र्यांच्या तोंडी जातो किंवा उपाशी मरतो, आणि प्राण्याला असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

ठकीचे गुण नोव्हेंबर २०२४ मध्ये सलग दोन रविवार पस्तिसाच्या खाली आले. जबड्यात पू झाला होता, तिसऱ्यांदा. डॉक्टर मॅडमनी आधी झोपेचं इंजेक्शन दिलं, ती माझ्या मांडीवर टॉवेलात झोपली, मग दुसरं. हे असं दोन टप्प्यांत द्या म्हणून तुम्हीही आधी सांगून ठेवा.

मागे राहिलेल्या सशाला जोडीदाराचं शव बघू द्या. ते दाखवलं नाही तर ससा कित्येक दिवस शोधत राहतो असं मॅडम म्हणाल्या होत्या. आम्ही ठकीला तिच्या कोपऱ्यातच ठेवलं. बुक्क्याने तिचे कान चाटले, दोनदा नाकाने ढकललं, मग शेजारी आडवा झाला. तासाभराने उठून पाण्याकडे गेला. त्याच्या खाण्यावर आम्ही पुढचा आठवडाभर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, कारण अशा वेळी मागे राहिलेल्याचं पोटही बंद पडू शकतं. रोज वजन केलं. पहिले दोन दिवस चाळीस ग्रॅम घटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता सासूबाई सवयीने खोलीत गेल्या, तर तो दाराशीच उभा होता. त्यांनी त्याला कोथिंबीर दिली आणि त्याने ती खाल्ली.